चौसष्टपैकी त्रेसष्ट

“चौसष्टपैकी त्रेसष्ट!”

पेडगावकर सरांनी संगणक केंद्रातून आणलेला लांबलचक कागद टेबलावर उलगडायला घेतला आणि तो पलीकडच्या कडेवरून खाली लोंबायला लागला तरी ते उलगडतच राहिले. सरांच्या हाताखाली दोन वर्षं काढून त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“ढवळे, हे काय आहे कळतंय का तुम्हाला? अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार टक्के! अहो, माणसांच्या हाडांवर काम करणाऱ्यांना एवढं जमत नाही. ते आपण मांजरांवर करून दाखवलं.”

‘आपण’ हा शब्दही त्यांच्या तोंडून नवाच होता. तोवर सगळं ‘तुमचे तक्ते’, ‘तुमची दिरंगाई’ असं असायचं.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मी पदव्युत्तर शिक्षण घेत होते. प्रबंधाचा विषय सरांनीच दिलेला. मांजराच्या हाडांची मापं घ्यायची आणि नुसत्या मापांवरून ते नर होतं की मादी, देशी होतं की पर्शियन, हे सांगणारं सूत्र काढायचं. घरी आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती मेथी निवडता निवडता म्हणाली, “त्यापेक्षा जिवंत असतानाच शेपूट उचलून बघितलं तर?”

“आणि नुसती हाडंच सापडली तर?”

“मग नर असलं काय न मादी असलं काय, कुणाला त्याचं स्थळ बघायचंय?”

ती त्या वेळी माझ्यासाठी स्थळं बघत होती, आणि मुलगी काय शिकते हे पाहुण्यांना सांगताना तिची तारांबळ उडत होती.

चौसष्ट मांजरं, प्रत्येकाची बावीस मापं. कवटीची लांबी-रुंदी, जबडा, खांद्याचं पातं, मांडीचं हाड, कमरेचं हाड. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि सरासरी काढायची. व्हर्नियर कॅलिपर धरून धरून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला होता. बोक्याच्या जननेंद्रियात तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते मिळालं तर प्रश्नच मिटला. पण हाडं उकळताना ते पाण्याबरोबर कधी वाहून जातं ते कळतही नाही. म्हणून तर एवढा खटाटोप.

हाडं तयार करायचं काम मामांचं. त्यांचं नाव किसन पाईकराव. पण आमच्याकडे शिपायांना, परिचरांना सरसकट ‘मामा’ म्हणायची पद्धत, म्हणून मामा. वय पंचेचाळीसच्या आसपास. चौदा वर्षं रोजंदारीवर होते आणि ‘यंदा कायम करू’ हे दर वर्षी ऐकत होते. मेलेलं मांजर आलं की सर नोंदवहीत क्रमांक, नर-मादी, जात, वय लिहायचे आणि त्या क्रमांकाचा पितळी बिल्ला मामांच्या हातात द्यायचे. पुढचं सगळं मामा. सोलणं, धुण्याच्या सोड्यात उकळणं, घासणं, वाळवणं. शेवटी एका मांजराची हाडं एका पत्र्याच्या डब्यात आणि डब्याच्या कडीला बिल्ला. मामांच्या हातची हाडं खडीसाखरेसारखी दिसत. मी मोजायला बसले की ते मागे उभे राहून बघत.

“ह्यातनं जात बी कळती म्हना?” एकदा त्यांनी विचारलं.

“कळते. पर्शियनची कवटी गोल, नाक बसकं. देशीची लांबट.”

“मांजराला लई तरास हाय,” मामा म्हणाले. “मानसाची जात काडायला हाडं मोजावं लागत न्हाईत. आडनाव इचारलं की भागतंय.”

आणि स्वतःच हसले. मी हसावं की नाही हे मला कळेना, म्हणून मी मांडीचं हाड पुन्हा एकदा मोजलं.

तर त्रेसष्ट बरोबर आले. चुकलं ते क्रमांक एकेचाळीस. नोंदवहीत नर, देशी, वय दोन वर्षं. सूत्र म्हणत होतं, मादी. सरांनी त्या ओळीवर लाल पेन्सिलीनं गोल केला.

“हे काढून टाका. रोगट असेल, कुपोषित असेल. अपवाद म्हणून वगळलं असं तळटीपेत लिहा. म्हणजे त्रेसष्टपैकी त्रेसष्ट.” सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “शंभर टक्के, ढवळे.”

वगळायचं तर कारण लिहायला हवं. ते मांजर कुठून आलं, कशानं मेलं, हे विचारायला मी विभागाच्या मागच्या शेडमध्ये गेले. मामा परात घासत होते.

“एकेचाळीस? ते आमचंच, ताई. माज्या पोरीचं. सोन्या नाव व्हतं. जल्मापासनं मरतुकडं. सरांना मांजरं कमी पडत व्हती, तर मेल्यावर घिऊन आलो.”

“नर होता नक्की?”

“आता घरचं मांजर, ताई. दोन वर्सं चुलीपाशी निजलेलं. नर न्हाई तर काय?” परात उपडी घालून ते म्हणाले, “त्येचा तर बिल्ला बी जागचा हलला न्हाई. पोर रडत व्हती, हरवू नका म्हनून. तर म्या तो डब्याला न बांदता आत हाडालाच तारंनं आवळला व्हता. तेवडा एकच ऱ्हायला.”

“ऱ्हायला म्हणजे? बाकीचे कुठे गेले?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेडच्या दाराबाहेर पाहिलं. मग एक पोतं झटकून माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, “बसा.”

दोन वर्षांपूर्वी, माझं काम सुरू व्हायच्या जरा आधी, महाविद्यालयाला तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हटल्यावर दिसेल ते रंगवायचा हुकूम निघाला. झाडांची बुडं, खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी आणि शरीररचना विभागात तोवर भरून तयार असलेले हे चौसष्ट डबे. डब्यांना हिरवा रंग ठरला. रंगाऱ्याच्या ब्रशाला बिल्ले आड यायला लागले. मामा मुख्य इमारतीत खुर्च्या वाहत होते. संध्याकाळी ते परत आले तर डबे हिरवेगार आणि रंगारी बादली घेऊन उभा.

“म्हनला, घ्या मामा, सगळे बिल्ले कापून यात टाकलेत. मोजून घ्या. एक बी हरवला न्हाई.”

मला हसू येणार होतं. पण मामा हसत नव्हते.

“मग?”

“मग काय. दोन दिवसांवर कमिटी. त्या साली माजं नाव कायमच्या यादीत व्हतं. सरांना सांगावं तर यादीतनं नाव जाईल, न सांगावं तर बिल्ल्याबिगर डबे दिसतील. मग म्या वही घेतली. आदी पर्शियन काडले, ते तर आंदळा बी काडंल. मग ज्येची हाडं थोराड ते नर, नाजूक ती मादी. वहीत जेवडे नर तेवडे डबे एकीकडं, जेवड्या माद्या तेवडे दुसरीकडं. आन् बांदले बिल्ले. बराबर बसलं, ताई. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई.”

“मामा, ते तर बरोबरच बसणार!”

“तेच म्हन्तो मी!” मामांचा चेहरा उजळला. “दोन वर्सं माज्या जिवाला घोर व्हता. सर सकाळी वरांड्यात सांगत व्हते, कंप्युटरनं त्रेसष्ट बराबर सांगितले म्हनून, तवा कुटं जीव भांड्यात पडला. म्हंजी म्या बांदले ते समदे बराबर व्हते. आता मला सांगा, कंप्युटर खोटं बोलंल व्हय?”

मी पोत्यावर बसून राहिले. सर नोंदवहीवर विसंबले होते, नोंदवही बिल्ल्यांवर आणि बिल्ले मामांच्या नजरेवर. आणि मामा विसंबले होते माझ्या संगणकावर. चौसष्ट मांजरांत एकाच मांजराबद्दल खात्रीनं सांगता येत होतं की ते नर होतं, आणि माझं सूत्र नेमकं त्याच मांजराला चुकलं होतं. आणि तेवढं एक काढून टाकायचं ठरलं होतं.

“मामा, हे आत्ता कुणाला बोलू नका,” मी म्हणाले.

“न्हाई बोलत. पन आता काय भ्याचं हाय?”

ते खरंच सुटल्यासारखे दिसत होते. त्या संध्याकाळी त्यांनी विभागात सगळ्यांना स्वतःच्या हातचा चहा पाजला.

मी गप्प बसू शकले असते. पण त्या वयात माणसाला निदान स्वतःला तरी खरं कळावं अशी खाज असते. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून दीड महिन्यात मी पाच देशी मांजरं मिळवली; आधी नीट पाहून नर-मादी माझ्या वहीत लिहिलं आणि ती शीतपेटीत ठेवली. मामा गावच्या जत्रेला आठ दिवस गेले तेव्हा ती माझ्या हातांनी सोलली, उकळली, घासली. त्या आठ दिवसांत वसतिगृहात माझ्या शेजारी जेवायला कुणी बसलं नाही. मामा ज्या कामाला ‘धा मिन्टाचं’ म्हणत ते मला चार तास पुरत होतं आणि तरी हाडं पिवळीच राहत होती. बिल्ले मात्र तारेनं आवळले.

मामा परत आले. पाचही मांजरांची हाडं मी टेबलावर मांडली.

“कुनी उकळली ही? लई घान काम झालंय.”

“मी.”

“मग ठीक हाय,” मामा म्हणाले.

“मामा, नुसती बघून सांगा. कुठलं नर, कुठली मादी?”

त्यांनी हात धुतले, पुसले. एकेक मांडीचं हाड तळहातावर घेऊन तोललं, कमरेच्या हाडात अंगठा फिरवून पाहिला. एखादा सराफ बघेल तसं. “हा नर. हा बी नर. ही मादी. हा नर, चांगला दांडगा हाय. आन् ही मादी.”

मी आधीच मापं घेऊन सूत्र लावून ठेवलं होतं. नर, नर, मादी, नर, मादी. माझा कागद मी मामांपुढे ठेवला.

“बगा!” मामा म्हणाले.

मग मी वही उघडली. चौथा ‘दांडगा नर’ ही मासळी बाजारातली, आयुष्यभर फुकट खाऊन माजलेली मांजरी होती. पाचवी ‘मादी’ हा एका शाळेच्या पडवीतला उपाशी बोका होता. पाचांत तीन बरोबर. नाणं उडवलं असतं तरी अडीच आले असते.

मामांनी वहीतल्या ओळींवर बोट ठेवून दोनदा वाचलं. चौथीपर्यंत शिकलेले होते. नर-मादी त्यांना वाचता येत होतं.

“म्हंजी मी चुकलो.”

“दोनदा.”

“आन् तुमचा कंप्युटर?”

“तोही त्याच दोन ठिकाणी चुकला, मामा. तो मांजरं बघून शिकलेला नाही. तुम्ही कसं बघता ते बघून शिकलाय. थोराड तो नर, नाजूक ती मादी.”

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग अगदी हळू म्हणाले, “एवडी म्हागाची मशीन. म्या बिगडून ठिवली.”

त्यांना नोकरीची आठवण तेव्हा झाली नाही. ती मला झाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. रंगारी, बादली, पाच मांजरं. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पेडगावकर सर काही लबाड माणूस नव्हते. सोळा वर्षं त्यांनी बैलांच्या खुरांवर काम केलं होतं आणि कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मांजरांच्या सूत्रावरचा लेख त्यांनी परदेशी नियतकालिकाला पाठवला होता आणि तो स्वीकारल्याचं पत्र काचेखाली ठेवलं होतं.

“मोजमापं तुम्ही स्वतः घेतलीत?”

“हो, सर.”

“तीनदा?”

“हो.”

“मग तुमचं काय खोटं आहे?” ते म्हणाले. “नोंदवही मी भरलीय. तीही खरी आहे. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक रंगारी आला, त्याला आपण काय करणार?”

“पण सर, सूत्र...”

“सूत्र पुढे कुणीतरी तपासेल. शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनास वाव आहे’ असं एक वाक्य घाला. ते घालतातच.” त्यांनी खण उघडून एक टंकलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मामांना कायम करण्याची शिफारस होती. ‘या महत्त्वाच्या संशोधनासाठी अस्थी तयार करण्याचे श्रेय’ असे शब्द होते. “हे उद्या पाठवायचंय. सांगा, पाठवू की फाडू?”

मी म्हणाले, “पाठवा.”

त्या एका शब्दानं मला केवढं हलकं वाटलं हे आज सांगायला हरकत नाही. मी एका गरीब माणसाची नोकरी वाचवत होते. त्याच्या आडून माझी पदवी वाचत होती, मे महिन्यातली नोकरीची मुलाखत वाचत होती, पण त्या दोन्हींकडे बघायची मला गरजच पडली नाही.

तोंडी परीक्षा चौदा मार्चला, सकाळी अकराला होती. बाहेरचे परीक्षक डॉ. नंजुंडप्पा दक्षिणेतून आले होते. साठीचे, धोतरासारख्या पांढऱ्या भुवया, बोलणं मऊ. मराठीचा गंध नाही. सरांच्या खोलीत लांब टेबलावर दहाबारा डबे उघडून मांडले होते. नंजुंडप्पांनी एक कवटी उचलली, उजेडात फिरवली.

“किती सुंदर काम आहे. हे कुणी केलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“आमचा परिचर,” सर म्हणाले. मामा तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आत आले होते. सरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

नंजुंडप्पांनी मामांकडे पाहून मान लववली. मग माझ्याकडे वळले. तासभर त्यांनी मला गणितावर सोलून काढलं होतं आणि मी टिकले होते. आता ते सहज, पेन बंद करता करता म्हणाले, “एकच शेवटचं. लिंगाची नोंद हाडं काढायच्या आधी केली होती ना?”

“हो सर. आधीच. नोंदवहीत आहे.” हे खरं होतं.

“आणि लेबलं? ती शेवटपर्यंत हाडांबरोबरच राहिली?”

खोलीत कपबशी वाजली. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण ‘लेबल’ हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, दोन्ही हात विजारीला पुसले आणि परीक्षकांसमोर सरळ उभे राहिले.

“सायेब, बिल्ले निगाले व्हते. म्या माज्या हातानं परत बांदले. अंदाजानं.”

सरांच्या मानेवरची शीर टरारली. नंजुंडप्पांनी विचारलं, “काय म्हणतोय तो?”

सरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. “तो म्हणतोय, लेबलं त्यानं स्वतःच्या हातांनी बांधली.”

“असं?” नंजुंडप्पा माझ्याकडे वळले. का वळले, मला माहीत नाही. कदाचित माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल. कदाचित नुसती सभ्यता. “असंच आहे ना?”

मामा माझ्याकडे बघत होते. भीती नव्हती त्यांच्या नजरेत. परक्या गावात आपल्या भाषेचं माणूस भेटल्यावर जसं बघतात, तसं बघत होते.

“येस सर,” मी म्हणाले.

“वा!” नंजुंडप्पा उठले आणि त्यांनी मामांचा हात हातात घेतला. “अशी माणसं आहेत म्हणून विज्ञान चालतं.” ते वाक्य त्यांनी अहवालातही लिहिलं. मामांनी हात सोडवून घेतला, ट्रे तसाच उचलला आणि ते बाहेर गेले. चहा अजून कुणी प्यायलंच नव्हतं; भरलेले कप तसेच परत गेले.

मला पदवी मिळाली, पुढे सुवर्णपदक मिळालं, दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात नोकरी लागली. मामा जूनमध्ये कायम झाले. शिफारशीपेक्षा परीक्षकांच्या त्या वाक्याचा त्यात जास्त उपयोग झाला असं सर सांगत. जायच्या आधी मी मामांना पेढे द्यायला गेले, तर ते मुद्दाम गडबडीत होते.

वीस वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले. ते सूत्र माझ्या नावाला चिकटलं होतं. विद्यार्थी त्याला ‘ढवळे-पेडगावकर’ म्हणत. पेडगावकर सर निवृत्त होऊन वारले. आणि एक दिवस टपालानं एका परदेशी नियतकालिकाचा अंक आला. तीन देशांतल्या संशोधकांनी आमचं सूत्र आपापल्या मांजरांवर लावून पाहिलं होतं आणि कुठेच ते धड बसलं नव्हतं. आता पितळ उघडं पडणार म्हणून मी आधी निष्कर्षच वाचला. निष्कर्ष असा होता की सूत्रात दोष दिसत नाही. मराठवाड्यातल्या देशी मांजरांमध्ये नर आणि मादी यांच्या आकारात इतरत्र कुठेही न आढळणारा असा नेमका फरक असावा, आणि म्हणून या मांजरांना स्वतंत्र जात मानावं की काय याचा विचार व्हावा.

मी माझ्या खोलीचं दार लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि हे सांगावं असं जगात एकच माणूस होतं.

मामा निवृत्त होऊन गावी राहत होते. पत्ता काढून गेले. केस पांढरे, पण पाठ ताठ. नातीनं चहा केला. मी अंक काढला आणि सगळं रंगवून सांगितलं. रंगाऱ्याच्या एका कात्रीनं मांजरांची नवी जात कशी जन्माला घातली ते.

मामा हसले नाहीत.

“ताई, त्या दिशी मला वाटलं व्हतं,” ते म्हणाले, “सरांनी न्हाई सांगितलं तर तुमी तरी इंग्रजीतनं नीट सांगाल.”

चहावर साय धरत होती.

“तुमची नोकरी गेली असती, मामा.”

“गेली असती. ते बगून घेऊनच बोललो व्हतो ना मी?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला कुठे बघावं ते कळेना. “आता सांगता येतंय का?”

“येतं. नियतकालिकाला पत्र लिहायचं. चूक दुरुस्ती म्हणून छापतात.”

“मग लिवा. माजी पेन्शन चालू झाली. आता माजं कोन काय करतंय?”

महिन्यानं मी पत्राचा मसुदा घेऊन पुन्हा गेले आणि मराठी करून वाचून दाखवला. ‘डब्यांवरील क्रमांक रंगकामाच्या वेळी निघाले व एका परिचराने ते अंदाजाने पुन्हा बांधले, सबब सदर सूत्र ग्राह्य धरू नये.’

“परिचर कोन?”

“तुम्हीच, मामा.”

“मग नाव घाला की. समदं नाव. किसन तुकाराम पाईकराव. केलंय तर केलंय.” त्यांनी मला ते लिहून दाखवायला लावलं, मग विचारलं, “आन् तुमाला तवाच ठावं व्हतं, ते कुटं लिवलंय?”

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन वेळा मसुदा करूनही ते वाक्य मला सुचलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. तिथेच, मामांच्या ओट्यावर बसून, मी ते लिहिलं. दोन ओळी झाल्या. मामांनी मान डोलावली.

पत्र पाठवलं. सहा महिन्यांनी, एका अंकाच्या अगदी शेवटच्या पानावर, खाली, बारीक टाइपात ते छापून आलं. मी त्याची प्रत मामांना पाठवली. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

“नातीनं वाचून दाकवलं. माजं नाव बराबर छापलंय. तुकारामाचं टी बी हाय.” मग म्हणाले, “पन तुमचं ते वाक्य तिला सापडंना. मधल्या पानावर हाय का?”

ते कुठल्याच पानावर नव्हतं. संपादकांनी सौजन्यपूर्वक कळवलं होतं की जागेअभावी व्यक्तिगत स्वरूपाचा मजकूर वगळण्यात आला आहे. जगाच्या लेखी आता चूक किसन तुकाराम पाईकराव यांची आहे आणि ती उघडकीला आणण्याचं श्रेय माझं. गेल्या वर्षी एका परिषदेत त्याबद्दल, वैज्ञानिक प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून, माझा शाल देऊन सत्कारही झाला.

मामांना मी फोनवर म्हटलं, की ते वाक्य मी दुसरीकडे छापेन. म्हणून हे लिहिलं. ते वाक्य असं होतं:

‘चौदा मार्च एकोणीसशे नव्वद रोजी, तोंडी परीक्षेत, किसन तुकाराम पाईकराव हे परीक्षकांसमोर “अंदाजानं” असं स्पष्ट म्हणाले होते. मी तिथे होते, आणि मला मराठी येतं.’